वाऱ्याचा वाटा

जबलपूरला कुणी पाहुणा आला की त्याला भेडाघाटला नेल्याशिवाय सुटका नसते. संगमरवराच्या घळीत शिरण्याआधी नर्मदा तिथे कड्यावरून खाली कोसळते. त्या धबधब्याचं नाव धुआँधार. पाहुणा आधी कठड्याला रेलून फोटो काढतो, मग बायकोचा काढतो, मग कुणाला तरी पकडून दोघांचा काढून घेतो. हे सगळं उरकलं की फोन खिशात जातो आणि तो डोळे मिटून, तोंड जरा पुढे करून नुसता उभा राहतो. पाणी बघायला आलेला माणूस डोळे मिटून उभा आहे, म्हणजे आता तो हवा खातो आहे.

ती हवाही खरोखर वेगळी असते. कोसळणारं पाणी एकटं खाली जात नाही, सोबत हवा ओढून नेतं. तळाशी आपटल्यावर ती हवा तुषारांसकट वर उसळते आणि चेहऱ्यावर येते. फुटणाऱ्या थेंबांमुळे तिच्यात विजेचा सूक्ष्म भारही उतरतो. धबधब्यांजवळच्या या विजेचा अभ्यास फिलिप लेनार्ड या शास्त्रज्ञाने 1892 साली प्रसिद्ध केला. पुढे 1905 मध्ये त्याला दुसऱ्या कामासाठी नोबेल मिळालं. आणि याच गृहस्थाने म्हातारपणी हिटलरची तळी उचलली, आइनस्टाइनचं पदार्थविज्ञान ज्यूंचं म्हणून नाकारलं आणि 'जर्मन पदार्थविज्ञान' नावाचा वेगळा संसार मांडला. उमेदीच्या वयात धबधब्याच्या हवेचा अभ्यास केलेल्या माणसाला असं सुचावं, याचं मला वैषम्य वाटतं.

तैत्तिरीय उपनिषदाच्या आरंभी जो शांतिपाठ आहे, त्यात वायूला नमस्कार करून त्याला प्रत्यक्ष ब्रह्म म्हटलं आहे. हे मला बरेच दिवस पचत नव्हतं. सूर्याला म्हटलं असतं तर समजलं असतं, अग्नीला म्हटलं असतं तरी चाललं असतं. जो दिसतच नाही तो प्रत्यक्ष कसा? कणादाच्या वैशेषिकांचा हिशेब त्यापेक्षा पटण्यासारखा होता. वायूला रूप नाही. अंगाला लागतो तो फक्त स्पर्श. स्पर्श हा गुण, तेव्हा त्याला कुणीतरी धनी हवा. तो धनी माती नाही, पाणी नाही, तेज नाही, म्हणजे चौथा कुणीतरी असला पाहिजे, तो वायू. थोडक्यात, वायू डोळ्यांनी सापडत नाही, अनुमानाने सापडतो. पुढच्या पंडितांनी यावरही वाद घातला. काही म्हणाले, कातडीला लागतो ना, मग तो प्रत्यक्षच की. शतकानुशतकं चाललेला हा वाद.

माझ्यापुरता तो राइट टाउनमधल्या माझ्या आत्याने मिटवला. आत्या लग्न होऊन जबलपूरला आली. काका गन कॅरेज फॅक्टरीत होते. न्यायशास्त्राशी तिचा संबंध नाही, दम्याशी पन्नास वर्षांचा आहे. दिवाळीतल्या एका रात्री मी तिच्याकडे होतो. बाहेर माळा फुटत होत्या आणि रस्ताभर निळसर धूर रेंगाळत होता. ती पलंगाच्या कडेला बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवलेले, खांदे वर ओढलेले. श्वास आत घेताना गळ्याखालची खळगी खोल जायची आणि बाहेर सोडताना बारीक शिट्टी वाजायची. पंपाचा डबा तिने हलवला, तोंडाशी धरला, दाबला आणि डोळे मिटून मनात दहापर्यंत मोजलं. मग दुसऱ्यांदा.

मी म्हटलं, "आत्या, खिडकी लावून घेऊ का? धूर येतोय."

"नको रे, राहू दे. धुराने खोकला येईल तेवढाच. बंद केलीस तर जीवच घाबरतो."

"मग पंखा?"

"अंगावर नको. भिंतीकडे तोंड कर त्याचं. हवा फिरलेली कळली पाहिजे मला, लागायला नको."

फिरलेली हवा कळली पाहिजे, पण लागायला नको! वैशेषिक तर म्हणत होते, लागल्याशिवाय ती कळतच नाही. मी पंखा फिरवला, आणि खोलीत हवा हलली की नाही हे मला काही कळलं नाही, तिला कळलं. पंख्याचं तोंड आणखी इंचभर वळवायला तिने लावलं. निरोगी माणसाची हवा खरंच अनुमानाची असते. झाडाचं पान हललं, पडदा फुगला, उदबत्तीचा धूर वाकला, म्हणजे हवा आहे, असा आपला कारभार. दमेकऱ्याची हवा मात्र प्रत्यक्ष असते. ऋषींनी ते नमन कुठल्या अनुभवातून लिहिलं कोण जाणे, पण त्या शब्दावरचा माझा आक्षेप मी त्या रात्री मागे घेतला.

आपल्याकडे श्वास मोजण्याची परंपरा जुनी आहे. नाथपंथी आणि हठयोगी दिवसाचे 21,600 श्वास धरतात. म्हणजे मिनिटाला पंधरा. डॉक्टरांना विचारलं तर ते मोठ्या माणसाचे मिनिटाला बारा ते वीस सांगतात, तेव्हा घड्याळ नसलेल्या काळातला हा हिशेब चांगलाच जमलेला आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात हा श्वास शरीराच्या आत कुठे कुठे हिंडतो, काय काय जाळतो आणि शेवटी कशात विरतो, याचं जे वर्णन आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. या साऱ्या परंपरेचा ओढा आतल्या बाजूला आहे. हवा नाकातून आत गेली की तिची गोष्ट सुरू होते. नाकाच्या बाहेर ती कशी होती, हे फारसं कुणी विचारत नाही.

जबलपूरला ही आतली गोष्ट सांगणारा एक अलीकडचा माणूसही भेटला. भँवरताल बागेत बकुळीचं झाड आहे, ज्याला इथे मौलश्री म्हणतात. 21 मार्च 1953 च्या रात्री त्या झाडाखाली आपल्याला ज्ञान झालं, असं रजनीश सांगत. तेव्हा ते इथे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते, पुढे इथेच महाकोशल कॉलेजात प्राध्यापक झाले. नंतर त्यांनी जी सक्रिय ध्यानाची पद्धत काढली, तिची पहिली दहा मिनिटं नुसती नाकाने जोरजोरात, बेताल श्वास घेण्याची. 1974 पासून पुण्याच्या कोरेगाव पार्कात हजारो देशी-परदेशी माणसं तसे श्वास घेत होती. आणि शिकवणाऱ्याला स्वतःला दमा! अत्तराचा, साबणाचा, शांपूचा वास त्यांना सोसत नसे. म्हणून प्रवचनाच्या मंडपाच्या दाराशी माणसं उभी असत, आणि आत जाणाऱ्याचे केस-कपडे हुंगून मगच त्याला सोडत. रजनीशांच्या बाकीच्या कारभाराबद्दल माझं मत चांगलं नाही. पण या हुंगण्याची मला कधी थट्टा करावीशी वाटली नाही. श्वास आतून कितीही सुधारला तरी बाहेरची हवा दुसऱ्या माणसाच्या अंगावरून येते, ही गोष्ट त्या दाराशी रोज कबूल केली जात होती.

समर्थ रामदासांची नजर मला इथे जास्त मोकळी वाटते. दासबोधाच्या सोळाव्या दशकात एक अख्खा समास वायूच्या स्तुतीचा आहे. त्यात देहातला श्वासोच्छ्वास आहे आणि आभाळातले ढग हलवणारा वाराही आहे, मधे भिंत नाही. त्याच समासात मारुतीची ती गोष्ट येते. बाळ मारुतीवर इंद्राचं वज्र पडलं, पोर निपचित झालं, तेव्हा बाप रुसला. पोराला घेऊन वायू गुहेत जाऊन बसला आणि त्याने वाहणंच बंद केलं. मग काय, देवांच्या तोंडचं पाणी पळालं. यज्ञ थांबले, शरीरं ताठली, पोटं फुगली. वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडात हा हाहाकार तपशिलाने आहे. जगातला पहिला संप म्हणायला हरकत नाही. मागणी एकच होती, माझं पोर उठवा. ब्रह्मदेव सगळ्या देवांना घेऊन गुहेच्या दारी गेला, त्याने बाळावरून हात फिरवला, मारुती उठून बसला, आणि मग वारा सुटला. छांदोग्य उपनिषदातला गाडीवान रैक्व राजा जानश्रुतीला हेच दुसऱ्या तऱ्हेने सांगतो. अग्नी विझतो तो वायूत, सूर्य मावळतो तो वायूत, पाणी आटतं ते वायूत. माणूस झोपला की वाणी, डोळे, कान, मन सगळं प्राणात जमा. राजाने धाडलेला सेवक शोधत आला तेव्हा हा ज्ञानी गाडीखाली बसून अंगाची खरूज खाजवत होता. उपनिषदांतला हा माझा सर्वांत आवडता प्रवेश.

पुराणातला वायू स्वतः थांबला. इतिहासात त्याला थांबवणारी माणसं भेटतात, आणि त्यांची गोष्ट जबलपूरइतकी दुसऱ्या कुठल्या गावाला चिकटलेली नाही. नागपूरहून सिवनी-जबलपूरवरून मिर्झापूरकडे जाणारा रस्ता हा काशीयात्रेचा, व्यापाराचा, पलटणींचा रस्ता. नागपूरकर भोसल्यांकडून 1817 साली जबलपूर इंग्रजांकडे गेलं, आणि थोड्याच वर्षांत विल्यम स्लीमन हा अधिकारी या भागात आला. 1830 च्या दशकात त्याने ठगांवर जी मोहीम चालवली, तिचं ठाणं जबलपूर होतं. ठग वाटसरूंशी गोड बोलून जवळीक करत, त्यांच्याबरोबर मुक्काम करत, आणि ठरलेल्या जागी इशारा झाला की गळ्यात रुमाल टाकून आवळत. त्या इशाऱ्याला त्यांच्या भाषेत झिरनी म्हणत. ठगांची ही गुप्त बोली स्लीमनने गोळा करून 1836 मध्ये छापली. आता इतिहासकार म्हणतात की ठगीचं चित्र इंग्रजांनी फुगवलं, राज्य पसरायला त्यांना ते सोयीचं होतं. त्यात तथ्य आहे. पण रुमाल खरा होता. रक्त सांडायचं नाही, हत्याराची खूण ठेवायची नाही, फक्त वारा अडवायचा. हातभर कापड पुरत असे.

माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांना पुढे जबलपुरातच वसवलं. त्यांच्यासाठी कारखाना काढला, आणि ज्या हातांनी रुमाल आवळले त्यांनी तिथे तंबू शिवले, गालिचे विणले. तंबू शिवणाऱ्यालाही वाऱ्याचा विचार करावाच लागतो. तो कुठून आत घ्यायचा, कुठे अडवायचा. असो.

याच स्लीमनला 1828 साली जबलपूरजवळ बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही विलक्षण हाडं सापडली होती. आशिया खंडात सापडलेले डायनोसॉरचे ते पहिले जीवाश्म. 1877 मध्ये रिचर्ड लायडेकरने त्या प्राण्याचं नाव ठेवलं टायटॅनोसॉरस इंडिकस. मधल्या काळात ते हाड कुठे गेलं याचा पत्ता नव्हता, तो 2012 मध्ये नागपूरचे भूवैज्ञानिक धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोलकात्यात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात लागला. पण मला हाडापेक्षा अंड्यांचं अप्रूप. नर्मदेच्या लम्हेटा घाटावरून ज्या खडकांना लॅमेटा हे नाव पडलं, त्या खडकांत जबलपूरपासून गुजरातपर्यंत डायनोसॉरची अंडी मिळाली आहेत. साडेसहा कोटी वर्षांहून जुनी. त्या दगड झालेल्या कवचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की आरपार गेलेली बारीक छिद्रं दिसतात. आतलं पिल्लू त्यातून श्वास घेई. अंडी मातीत पुरलेली असत, म्हणून छिद्रंही भरपूर. पिल्लू गेलं, बलक गेला, आईचं तर नावनिशाण नाही. हवा आत जायची वाट तेवढी शाबूत आहे. त्याच खडकांवर पुढे लाव्हा पसरला, आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ज्याचा झाला तोच. त्या उद्रेकांनी तेव्हाच्या हवेत गंधकाचे आणि कार्बनचे वायू सोडले. हवा बिघडवण्याची सुरुवात माणसाने केलेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. माणसाने फक्त ती हौसेने चालू ठेवली.

एका श्वासात आपण साधारण अर्धा लिटर हवा घेतो. तेवढ्या हवेत बारा कोटी कोटी कोटी रेणू असतात. पृथ्वीभोवतीच्या सगळ्या हवेत असे जितके अर्धे लिटर आहेत, त्यांची संख्याही जवळपास तेवढीच भरते. याचा अर्थ असा, की कुणाचा जुना एखादा श्वास साऱ्या वातावरणात नीट मिसळला असेल, तर त्यातला सरासरी एखादा रेणू आपल्या प्रत्येक श्वासात येतो. जबलपूरहून बरेल्याच्या बाजूला नर्रई नाल्यापाशी 24 जून 1564 रोजी राणी दुर्गावतीने मोगलांच्या हाती लागण्यापेक्षा कट्यार जवळ केली. तिच्या शेवटच्या श्वासातला नायट्रोजन अजून इथेच आहे. तो आत्याच्या पंपाबरोबर तिच्या छातीत जातो, धुआँधारला डोळे मिटून उभ्या असलेल्या पाहुण्याच्या नाकात जातो. ज्यांच्या गळ्यात रुमाल पडले त्यांचाही जातो, आणि रुमाल टाकणाऱ्यांचाही. सातबाऱ्यावर काही जमिनी सामायिक खात्याच्या असतात. नावं वीस, वाटणी झालेली नाही, बांध घातलेला नाही, आणि एकाने परस्पर विकायची म्हटली तर बाकीचे तलाठ्याकडे धावतात. हवा ही त्या जातीची मिळकत. फरक इतकाच, की तिच्या खातेदारांना आपण खातेदार आहोत याचा पत्ता नसतो, आणि तक्रार घेऊन जावं असा तलाठीही नाही.

सामायिक असली म्हणजे सर्वांना सारखी मिळते असं नाही. जमिनीच्या बाबतीत हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, हवेच्या बाबतीत आपण भाबडे होतो. 'हवा सगळ्यांची' हे वाक्य ऐकायला बरं वाटतं. महाडच्या तळ्यावर 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांना पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पाणी अडवता येतं. हवा अडवता येत नाही, म्हणून तिच्यासाठी तळं नाही आणि सत्याग्रहही नाही, असं कुणी म्हणेल. पण जुनी गावं बघा. महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी महारवाडा-मांगवाडा गावाच्या पूर्वेला असे, आणि त्याचं कारण जाणती माणसं हेच सांगतात, की वारं पश्चिमेकडून येतं. ज्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही त्यांची घरं वाऱ्याच्या खालच्या अंगाला. गावाचा वारा त्यांच्यावरून जाईल, त्यांचा वारा गावावर येणार नाही. हवा अडवता आली नाही, तेव्हा माणसं हलवली.

2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळला हेच झालं, फक्त जात विचारून नाही, भाडं विचारून. कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट सुटला. तो हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकणारा. वारं ज्या बाजूला होतं त्या बाजूच्या दाट वस्त्यांवर तो गेला. भिंतीला भिंत लागलेली घरं, दाराच्या फटीतून शिरलेला वायू, आणि खाली झोपलेली, कमी उंचीची मुलं. जमिनीलगतचा श्वास त्यांचाच. जीव घेऊन पळणाऱ्यांना धाप लागे आणि जास्तच विष छातीत जाई. त्या रात्री भोपाळमध्ये कुणालाही हवा अनुमानाने शोधावी लागली नाही.

आणि 2021 चा एप्रिल. त्याबद्दल लिहायला अजून हात कचरतो. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, पांढरा ढग आवारात पसरला, आणि आत नळीवर असलेले बावीस रुग्ण त्यात गेले. बाहेर प्राणवायूचा ढग, आत प्राणवायूविना माणसं. त्याच्या दोन दिवस आधी कळंबोलीहून रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस विशाखापट्टणमला निघाली होती. महिन्याच्या अखेरीस तशीच गाडी बोकारोहून मध्य प्रदेशात आली. तिचे टँकर सागरजवळ मकरोनियाला आणि भोपाळजवळ मंडीदीपला उतरवले, आणि जबलपूरच्या वाट्याचा उतरला भेडाघाट स्थानकावर. जिथे लोक तिकीट काढून हवा खायला येतात, तिथे हवा मालगाडीतून आली.

त्याच भेडाघाटची आणखी एक हवा आहे. गाड्या लावायच्या जागेपासून धुआँधारकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंना दगडी वस्तूंची दुकानं आहेत. गणपती, शिवलिंगं, राधाकृष्ण, हत्ती, दिवे, साबणदाण्या. काही दुकानांच्या मागे, काहींच्या पुढ्यातच कारागीर बसलेले असतात. पूर्वी छिन्नी आणि कानस चाले, आता हातातलं विजेचं ग्राइंडर. चाक दगडाला टेकलं की पांढरा लोट उठतो, आणि दुरून पाहणाऱ्याला एका नजरेत दोन धुकी दिसतात. धबधब्यावरचं पाण्याचं आणि इथलं दगडाचं. एकाकडे लोक तोंड करून उभे राहतात, दुसऱ्यापाशी नाकाला पदर लावून घाईने पुढे जातात. मी थांबलो तो एका विशीतल्या मुलापाशी. तो नंदीचे डोळे कोरत होता. नाकातोंडावर गमछा, भुवया आणि पापण्या म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या. थोडं कोरलं की तो यंत्र बंद करी, गमछा खाली ओढी, नंदीच्या डोळ्यावर जोराने फुंकर मारी, पूड उडाली की रेघ पाही, आणि मग पुढच्या फुंकरीसाठी छाती भरून श्वास घेई. त्याच उडालेल्या पुडीतून.

पाणी मारून का कापत नाही, असं मी विचारलं. तो म्हणाला, पाणी मारलं की धूळ बसते हे खरं, पण ओल्या दगडावर पेन्सिलची रेघ दिसत नाही, आणि हातात विजेचं यंत्र. मोठा तुकडा कापताना घेतो म्हणाला पाणी. डोळे, नाक, दागिने कोरताना नाही. म्हणजे काम जितकं नाजूक, तितकी धूळ जास्त, आणि तोंड दगडाच्या तितकं जवळ. रात्री खोकला येतो का, हे विचारायचं माझ्या ओठावर होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि तो उठला.

हवा स्वच्छ करण्याच्या कामात जबलपूरचं नाव सध्या चांगलं आहे. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांमध्ये 2024 साली जबलपूर देशात दुसरं आलं, 2025 मध्येही दुसरं. 2024 च्या क्रमांकाबद्दल एक कोटी रुपयांचं बक्षीस मिळालं. या सर्वेक्षणात शहराने केलेल्या उपायांनाही गुण असतात. रस्ते झाडणारी यंत्रं, रस्त्यांच्या कडेची फरसबंदी, कचरा जाळण्याला आळा, बांधकामाची धूळ. हे सगळं लागतंच, आणि आत्यालाही त्याचा फरक पडतो. दिवाळीचे चार दिवस सोडले तर पंप पूर्वीइतका काढावा लागत नाही, असं तीच सांगते. तरीही नंदीचे डोळे कोरणाऱ्या मुलाची हवा या हिशेबात कुठे बसते, हे मला त्या यादीवरून उमगलं नाही. तो रस्त्यावर नाही, बांधकामावर नाही, कारखान्यातही नाही. तो ओट्यावर आहे.

ग्राइंडरच्या तोंडाशी धूळ ओढून घेणारा पंखा बसवता येतो. रेघ कोरडी राहते, पूड पिशवीत जमा होते, आणि फुंकर मारायला गमछा खाली ओढावा लागत नाही. महापालिका जबलपूरची आणि नगर परिषद भेडाघाटची, खाती वेगळी, हे मलाही ठाऊक आहे. पण धुआँधारच्या वाटेवरच्या ओट्यांना असे पंखे बसवायला एक कोटीतला फार थोडा भाग लागेल, आणि सुरुवात कुठून करायची हे कुणी विचारलंच, तर डाव्या हाताच्या ओळीतल्या त्या नंदीवाल्यापासून करावी.